दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक : अमेरिकेतील अतिमानवी नायकांचे चित्रपट व नागरी हक्कांचा लढा

१

जुन्या मराठीच्या अभ्यासकांना केशिराजबासांचा ‘दृष्टान्तपाठ’ परिचित आहे. त्याची रचना त्रिविध आहे : प्रथम सूत्र, मग ते विशद करणारा दृष्टान्त, आणि शेवटी त्या दृष्टान्ताचा मूळ सिद्धान्ताशी मेळ घालून देणारे दार्ष्टान्तिक. सूत्रे व दृष्टान्त चक्रधरांचे आणि दार्ष्टान्तिक केशिराजांचे, असे मानले जाते. दृष्टान्त कितीही मनोवेधक असला तरी दार्ष्टान्तिकावाचून तो भलत्याच सिद्धान्ताला जोडला जाण्याचा संभव असतो, ही जाणीव या रचनेच्या मुळाशी असावी. प्रस्तुत लेखाचा विषय या ग्रंथापासून देशाने व काळाने फार दूरचा आहे. पण त्याच्या विवेचनाला ही परिभाषा उपकारक ठरेल, म्हणून आरंभीच तिचा निर्देश केला.

गेल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेत अतिमानवी शक्ती धारण करणाऱ्या नायकांचे, म्हणजे रूढ शब्दात सुपरहिरोंचे, चित्रपट मोठ्या संख्येने निघाले व जगभर पाहिले गेले. या चित्रपटांविषयी एक विधान आता सर्वमान्य झाल्यासारखे आहे. ते असे की, यांपैकी काही चित्रपट, विशेषतः ‘एक्स-मेन’ मालिकेतील, हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचे रूपक होत. या मालिकेतील समन्वयवादी प्रोफेसर झेव्हियर म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग, आणि त्यांचा प्रतिपक्षी मॅग्नेटो म्हणजे माल्कम एक्स, असे समीकरणही मांडले जाते. विद्यार्थ्यांच्या निबंधांतून ते सिद्ध गोष्टीप्रमाणे येते.

हे समीकरण ऐतिहासिक कसोटीस कितपत उतरते, हा या लेखाचा प्रश्न आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : हे समीकरण मूळ कृतीत नाही, ते मागाहून जोडले गेले, ज्यांच्या दुःखावरून दृष्टान्त घेतला त्यांचे नाव त्यात बहुधा घेतले गेले नाही, आणि या कथाप्रकाराच्या घडणीतच असे काही आहे की, नागरी हक्कांच्या लढ्याचे जे मर्म, त्यालाच त्यात जागा मिळत नाही. अलंकारशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, रूपकात उपमेय व उपमान दोन्ही उच्चारलेली असतात; अन्योक्तीत उपमेय अनुच्चारित राहते. या चित्रपटांना आपण सैलपणे रूपक म्हणत असलो, तरी वस्तुतः त्या अन्योक्ती आहेत. आणि अन्योक्तीत कोण अनुच्चारित राहिले, हा प्रश्न इतिहासाचा आहे.

२

चित्रपटांचा उगम चित्रकथांत असल्याने विचाराला तेथून आरंभ केला पाहिजे. १९३८ साली ‘सुपरमॅन’ प्रसिद्ध झाला. त्याचे निर्माते जेरी सीगल व जो शुस्टर हे स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील तरुण होते. परग्रहावरून आलेला, दुहेरी नाव वागवणारा आणि तरीही अमेरिकन म्हणून मान्यता पावलेला हा नायक स्थलांतरितांच्या आकांक्षेतून जन्मला, असे म्हणावयास हरकत नाही. १९४६ च्या जून महिन्यात या नायकाच्या नभोवाणी-मालिकेत सोळा भागांची एक कथा प्रक्षेपित झाली. तीत सुपरमॅन हा कू क्लक्स क्लॅनशी उघड साम्य असलेल्या एका संघटनेशी लढतो. त्या काळी लहान मुलांच्या कार्यक्रमात हे येणे धाडसाचे होते, यात शंका नाही. परंतु या कथेत क्लॅनचा रोष ज्या कुटुंबावर होतो ते चिनी वंशाचे आहे. ज्या कृष्णवर्णीयांना या संघटनेच्या अत्याचारांना सर्वांत अधिक तोंड द्यावे लागले, त्यांच्या जागी दुसरे कोणी ठेवले गेले. उपमेय झाकण्याची रीत अशी जुनी आहे.

ते झाकावे का लागे, याचे बोलके उदाहरण त्यानंतर दहा वर्षांत सापडते. ईसी या प्रकाशनसंस्थेने १९५३ साली ‘जजमेंट डे’ नावाची छोटी चित्रकथा प्रसिद्ध केली होती. लेखक अल फेल्डस्टाइन, चित्रकार जो ऑर्लँडो. पृथ्वीवरचा एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करावयास जातो. तेथे नारिंगी यंत्रमानव निळ्या यंत्रमानवांना हीन लेखतात. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, त्यांची कामे वेगळी. आतील यंत्ररचना मात्र दोघांची एकच. हा ग्रह आंतरग्रहीय संघात येण्यास अद्याप पात्र नाही, असा निर्णय देऊन अंतराळवीर परततो. आणि अखेरच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो तेव्हा वाचकाला दिसते की तो कृष्णवर्णीय आहे.

१९५४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. त्याच वर्षाच्या अखेरीस चित्रकथा-प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली आणि प्रत्येक अंक छपाईपूर्वी तपासून घेण्याची व्यवस्था केली. ‘जजमेंट डे’ ही कथा १९५६ च्या आरंभीच्या अंकात पुनर्मुद्रित करावयाची ठरली, तेव्हा तपासनीसांनी हरकत घेतली ती अंतराळवीराच्या वर्णाला. नारिंगी-निळ्या यंत्रमानवांचे वर्णविभाजन चालत होते. ते पाहून निर्णय देणारा माणूस मात्र कृष्णवर्णीय असलेला चालत नव्हता. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी ही गोष्ट चव्हाट्यावर मांडण्याची धमकी दिली, आणि कथा मूळ स्वरूपात छापली गेली. त्यांच्या संस्थेची ती अखेरची चित्रकथा-पुस्तिका ठरली.

या प्रसंगाचे महत्त्व आमच्या विषयाच्या दृष्टीने फार आहे. दृष्टान्ताला परवानगी होती, दार्ष्टान्तिकाला नव्हती. पुढे अन्योक्ती या क्षेत्रात इतकी फोफावली, तिचे एक कारण कलेचे असेल. पण एक कारण असे आहे की सरळ बोलण्याची वाट अडवलेली होती.

३

‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकावर सप्टेंबर १९६३ हा महिना छापलेला आहे. लेखक स्टॅन ली व चित्रकार जॅक कर्बी. दोघेही न्यूयॉर्कमधील ज्यू स्थलांतरितांची मुले, दोघांनीही व्यवसायासाठी घेतलेली नावे ज्यूपण न दर्शवणारी. जन्मतःच असामान्य शक्ती लाभलेल्या ‘म्यूटंट’, म्हणजे उत्परिवर्तित, मुलांना प्रोफेसर झेव्हियर आपल्या शाळेत गुप्तपणे शिकवतात, ही मूळ कल्पना.

१९६३ हे वर्ष अमेरिकेच्या इतिहासात कोणते, हे सांगावयास नको. एप्रिलमध्ये किंग यांना बर्मिंगहॅम येथे अटक झाली व तुरुंगातून त्यांनी आपले सुप्रसिद्ध पत्र लिहिले. मे महिन्यात त्याच शहरात निदर्शने करणाऱ्या शाळकरी मुलांवर पाण्याचे प्रचंड फवारे व पोलिसी कुत्रे सोडले गेले. २८ ऑगस्ट रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक जमले. १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये झालेल्या स्फोटात चार मुली मृत्यू पावल्या. या तारखांशेजारी ‘सप्टेंबर १९६३’ ही अंकाची तारीख ठेवली की रूपकाचा सिद्धान्त आपोआप सिद्ध झाल्यासारखा वाटतो. पण समकालीनत्व म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. अंकातील मजकूर पाहिला पाहिजे.

पहिल्या अंकातील पाचही विद्यार्थी गौरवर्णीय अमेरिकन आहेत. मॅग्नेटो एक क्षेपणास्त्र-तळ बळकावतो. विद्यार्थी त्याला हुसकावून लावतात. लष्करी अधिकारी त्यांचे आभार मानतो. मॅग्नेटोच्या वाट्याला आलेल्या कोणत्याही अन्यायाचा उल्लेख तेथे नाही. त्याला सत्ता हवी आहे, एवढेच. १९६४ साली त्याने जमवलेल्या टोळीच्या नावात ‘दुष्ट’ हे विशेषण तिनेच स्वतःला लावून घेतले आहे. भाषेच्या अभ्यासकाला एवढा एक पुरावा पुरेसा वाटावा. पीडितांची कोणतीही संघटना स्वतःला दुष्ट म्हणवून घेत नाही; ते नाव प्रतिपक्ष देतो. ज्या कृतीत प्रतिनायक आपल्या शत्रूच्या शब्दांत स्वतःचे नामकरण करतो, त्या कृतीत माल्कम एक्स यांची प्रतिमा शोधणे हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

याचा अर्थ आरंभीच्या अंकांत काळाचे प्रतिबिंब मुळीच नाही, असा नव्हे. आठव्या अंकात एका मुलाचा जीव वाचवणाऱ्या विद्यार्थ्यावरच जमाव धावून जातो. १९६५ च्या अखेरीस बोलिव्हर ट्रॅस्क नावाचा मानववंशशास्त्रज्ञ म्यूटंटांविरुद्ध लोकमत पेटवतो व त्यांच्या शिकारीसाठी प्रचंड यंत्रमानव तयार करतो. विद्वानाची पदवी, वृत्तपत्रातील भीती आणि यंत्राची निर्दयता यांची ही सांगड केवळ कल्पनाविलास म्हणून सोडून देता येणार नाही. तथापि तेथेही बळी पडणारा वर्ग असा आहे की, तो इच्छेनुसार लपू शकतो. देवदूतासारखे पंख असलेला विद्यार्थी ते कपड्यांखाली पट्ट्यांनी बांधून रस्त्यावर निघतो. बर्मिंगहॅमच्या मुलांना अशी सोय नव्हती. लपता येणे आणि लपता न येणे, हा भेद वर्णभेदाच्या अनुभवाचा गाभा आहे; आणि तोच येथे निसटला आहे.

४

मग हा अर्थ केव्हा आला? १९७० मध्ये नव्या कथा बंद पडलेली ही मालिका १९७५ साली नव्या स्वरूपात सुरू झाली. आफ्रिकेतून आलेली स्टॉर्म ही कृष्णवर्णीय स्त्री, तसेच जर्मन, रशियन, अपाची अशा विविध समाजांतील पात्रे तीत आली. क्रिस क्लेअरमाँट यांनी १९७५ ते १९९१ असे दीर्घकाळ तिचे लेखन केले. १९८१ मध्ये त्यांनी मॅग्नेटोला भूतकाळ दिला : तो नाझी छळछावणीतून वाचलेला माणूस आहे. या एका जोडणीने प्रतिनायकाच्या क्रोधाला कारण मिळाले, आणि सगळ्या कथेचे गुरुत्वमध्य बदलले. मॅग्नेटोच्या घडणीत आपल्यासमोर मेनाचेम बेगिन यांचे उदाहरण होते, असे क्लेअरमाँट यांनी सांगितले आहे. ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र भूमिगत गटाचे नेतृत्व करणारा हा पुढारी पुढे इस्रायलचा पंतप्रधान झाला व १९७८ च्या शांतता-पारितोषिकाचा वाटेकरी ठरला. म्हणजे ज्या लेखकाने हा संघर्ष खऱ्या अर्थाने घडवला, त्याच्या मनापुढे अलाबामापेक्षा युरोप व पॅलेस्टाइन अधिक होते.

१९८२ साली क्लेअरमाँट यांचे ‘गॉड लव्हज, मॅन किल्स’ हे स्वतंत्र चित्रकथा-पुस्तक निघाले. त्यात म्यूटंटांसाठी ‘म्यूटी’ ही शिवी योजली आहे, आणि एक प्रसंग असा आहे : ही शिवी ऐकून संतापलेल्या किटी या गोऱ्या, ज्यू मुलीला तिची कृष्णवर्णीय शिक्षिका समजावते की हे केवळ शब्द आहेत. त्यावर किटी कृष्णवर्णीयांसाठी अमेरिकेत वापरला जाणारा अत्यंत हीन शब्द उच्चारून विचारते की, तो असता तर तुम्ही इतक्या शांत राहिला असता काय? शिक्षिका निरुत्तर होते.

हा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. लेखकाचा हेतू निःसंशय उदार आहे. शब्द जखम करतात, हे त्याला सांगावयाचे आहे. पण ‘म्यूटी’ हा कल्पित कथांतला शब्द आहे. त्याच्यामागे कोणाच्या पाठीवरचे वळ नाहीत. दुसऱ्या शब्दामागे गुलामांचे बाजार आहेत, झाडांना टांगलेली प्रेते आहेत. बनावट शब्दाला वजन यावे म्हणून खरा शब्द तारण ठेवला गेला, आणि तो ज्यांना उद्देशून शतकानुशतके वापरला गेला त्यांच्यापैकीच एका स्त्रीला धडा देण्याच्या कामी आला. उसनवारीचा व्यवहार येथे उघडा पडतो. याच पुस्तकाच्या आरंभी दोन मुलांचा खून होतो. ती मुले कृष्णवर्णीय चितारलेली आहेत. पण मारली जातात ती म्यूटंट म्हणून.

५

पडद्यावर ही कथा २००० साली आली. ब्रायन सिंगर यांच्या ‘एक्स-मेन’ या चित्रपटाचा आरंभ १९४४ मधील पोलंडमधील छळछावणीत होतो. तेथून कथा अमेरिकन सिनेटमध्ये म्यूटंटांच्या सक्तीच्या नोंदणीवर चाललेल्या चर्चेकडे वळते. चित्रपटाच्या अखेरीस कारागृहातील मॅग्नेटो झेव्हियरशी बुद्धिबळ खेळताना सांगतो की, आपण हे युद्ध आवश्यक त्या कोणत्याही मार्गाने लढू. हा शब्दप्रयोग माल्कम एक्स यांच्या २८ जून १९६४ च्या न्यूयॉर्क येथील भाषणाने अमेरिकन जनमानसात रुजलेला आहे. किंग-माल्कम समीकरणाला चित्रपटाने दिलेला हा सर्वांत स्पष्ट आधार होय.

परंतु एका वाक्यखंडाचे असे स्थलांतर झाले की अर्थाचे काय होते? माल्कम एक्स यांच्या भाषणात त्या शब्दांचा विषय होता माणूस म्हणून मान्यता व माणसाचे हक्क. ज्याच्या तोंडी चित्रपटाने ते घातले, त्या मॅग्नेटोने नुकताच जगातील राष्ट्रप्रमुखांवर प्राणघातक यंत्र सोडण्याचा प्रयत्न केलेला आहे. माल्कम एक्स यांनी स्वसंरक्षणाचा हक्क निक्षून सांगितला. पण कोणत्याही सशस्त्र हल्ल्याचे नेतृत्व त्यांनी केले नाही. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या त्या त्यांच्यावर. दुसऱ्या बाजूने, किंग यांना झेव्हियरच्या साच्यात बसवणे तितकेच चुकीचे आहे. झेव्हियर आपल्या विद्यार्थ्यांना लपवून ठेवतात व अधिकाऱ्यांची मर्जी संपादू पाहतात. किंग यांनी माणसांना रस्त्यावर आणले, कायदे मोडले, आणि बर्मिंगहॅमच्या पत्रात थोडे थांबा असे सांगणाऱ्या सौम्य गोऱ्या हितचिंतकांचा कठोर समाचार घेतला. हे दोघे नेते समोरासमोर भेटले ते एकदाच, २६ मार्च १९६४ रोजी, तेही नागरी हक्कांच्या विधेयकावरील सिनेटची चर्चा ऐकावयास आले असता. दोघांचे लक्ष त्या दिवशी एकाच विधेयकाकडे होते, ही गोष्ट समीकरणात मावत नाही.

२००३ च्या दुसऱ्या चित्रपटात एक मुलगा आपण म्यूटंट असल्याचे घरी सांगतो, तेव्हा आई विचारते की म्यूटंट न होण्याचा प्रयत्न करून पाहिलास का? हा प्रसंग समलिंगी व्यक्तींच्या अनुभवावर बेतलेला आहे व तेथे दृष्टान्त चपखल बसतो. कारण लपता येणे आणि लपावे लागणे हा त्या अनुभवाचाच भाग आहे. मॅग्नेटोची भूमिका करणारे इयन मॅकेलन हे स्वतः समलिंगी हक्कांच्या चळवळीत १९८८ पासून उघडपणे उभे राहिलेले नट आहेत, हेही लक्षात घ्यावे. म्हणजे या दृष्टान्ताचे खरे दार्ष्टान्तिक बदलत गेले आहे. पण प्रचारात राहिले ते किंग-माल्कमचे.

सर्वांत उद्बोधक उदाहरण मात्र २०११ च्या ‘एक्स-मेन : फर्स्ट क्लास’ या मॅथ्यू व्हॉन यांच्या चित्रपटाचे आहे. त्याचा काळ १९६२, आणि कळस ऑक्टोबर महिन्यातील क्यूबा क्षेपणास्त्र-संकट. त्या संकटाच्या अवघे पंधरवडाभर आधी, ३० सप्टेंबरच्या रात्री, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून मिसिसिपी विद्यापीठात दंगल उसळली. दोघे ठार झाले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना केंद्रीय सैन्य पाठवावे लागले. १ ऑक्टोबरला मेरेडिथ यांनी नाव नोंदवले. एका शाळेत कोणाला प्रवेश मिळावा, यावर सैन्य उतरले असता, त्याच महिन्यात घडणाऱ्या व एका शाळेच्या स्थापनेचीच कथा सांगणाऱ्या या चित्रपटात त्या घटनेचा मागमूस नाही. ता-नेहिसी कोट्स यांनी जून १९११ नव्हे, जून २०११ मध्ये, म्हणजे अर्धशतक लोटल्यावरही, हे मौन कसे टिकून आहे हे न्यूयॉर्क टाइम्समधून दाखवून दिले. चित्रपटात दोन कृष्णवर्णीय म्यूटंट आहेत. त्यांपैकी तरुणी प्रतिनायकाला जाऊन मिळते. तरुणाची शक्ती अशी की कोणत्याही परिस्थितीत जगण्यास त्याचे शरीर अनुकूल होते. आणि नव्या विद्यार्थ्यांत सर्वांआधी मरतो तो हाच.

६

येथवरचा दोष निवडीचा आहे. अधिक चांगल्या लेखकाने तो टाळला असता, असे म्हणता येईल. पण दोन दोष कथाप्रकाराच्या घडणीतलेच आहेत.

पहिला असा. ज्याच्या डोळ्यांतून निघणारा झोत भिंत पाडतो, त्याची शेजाऱ्यांना भीती वाटणे अविवेकी नाही. चित्रपटातील सिनेटर शस्त्रपरवान्यांचा दाखला देऊन नोंदणीची मागणी करतो, तेव्हा त्याचा युक्तिवाद दुष्ट वाटला तरी निराधार वाटत नाही. कृष्णवर्णीयांविषयीची भीती मात्र रचलेली होती. तिच्या आधारे मताधिकार, जमीन व मजुरी हिरावून घेणे सोपे जाई. उपमान आपले गुण उपमेयाकडे नेते, हा अलंकाराचा स्वभाव आहे. पीडित म्हणजे धोकादायक, हे वंशद्वेष्ट्याचे गृहीतकृत्य या दृष्टान्ताने नकळत मान्य केले आहे. तरीही त्यांना दयेने वागवा, एवढीच त्याची विनंती उरते.

दुसरा दोष याहून खोल आहे. सुपरहिरोच्या कथेत इतिहास घडवतो तो असामान्य शक्तीचा मनुष्य. जनता एक तर जमाव असते, नाही तर वाचवली जाणारी गर्दी. नागरी हक्कांच्या लढ्याचे वैशिष्ट्य नेमके याच्या उलट आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना माँटगोमेरीत अटक झाली. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने बहिष्काराची हजारो पत्रके चक्रमुद्रणयंत्रावर काढली. त्यानंतर ३८१ दिवस त्या शहरातील मोलकरणी, मजूर, विद्यार्थी पायी चालले किंवा आळीपाळीने मोटारी वाटून घेऊन कामावर गेले. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या बाकावर बसले. एला बेकर यांनी त्याच वर्षी विद्यार्थ्यांना स्वतंत्र संघटना उभारण्यास साह्य केले, आणि एका थोर नेत्यावर विसंबू नका असेच त्या सतत सांगत राहिल्या.

या लोकांपाशी कोणतीही अद्भुत शक्ती नव्हती. होती ती सभासदांची यादी, वर्गणी, पत्रके, आणि वर्षभर चालण्याची तयारी. मागण्याही नेमक्या होत्या. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या नावात स्वातंत्र्याच्या आधी रोजगार होता, व त्याच्या मागण्यांत तासाला किमान दोन डॉलर वेतनाचा समावेश होता. चित्रपटांतील म्यूटंटांना हवे असते ते एवढेच, की आपल्याला छळू नये. त्यांना बसमधली जागा, मतपत्रिका, मजुरी मागावी लागत नाही. म्हणूनच त्यांच्या कथेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यासारखा किंवा १९६५ च्या मताधिकार कायद्यासारखा कायदा घडत नाही, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने या दुसऱ्या कायद्याचा महत्त्वाचा भाग निष्प्रभ केला तसे काही मोडतही नाही. शेवटच्या लढाईनंतर पडदा पडतो. मतदारयादीचे काम पुढे चालू राहते.

७

दार्ष्टान्तिक उच्चारले गेले तर काय होते, हे रायन कूगलर यांच्या २०१८ च्या ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटात पाहावयास मिळते. हे पात्र ली व कर्बी यांनीच १९६६ साली निर्माण केले. त्याच्या नावाचा व ब्लॅक पँथर पक्षाचा संबंध जोडला जातो. परंतु या शब्दाची वंशावळ वेगळी आहे. अलाबामातील लाउंड्स परगण्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य असूनही १९६५ च्या आरंभी त्यांच्यापैकी जवळजवळ कोणाचेही नाव मतदारयादीत नव्हते. तेथे स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाने आपले निवडणूक-चिन्ह म्हणून काळा चित्ता निवडला. निरक्षर ठेवल्या गेलेल्या मतदारांना चिन्हाचा आधार लागतो, हे भारतीय वाचकाला समजावून सांगावयास नको. ते चिन्ह ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंड येथे ह्यूई न्यूटन व बॉबी सील यांनी आपल्या पक्षाच्या नावासाठी घेतले. तेथून १९७२ साली ते मुंबईत आले. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी आपल्या संघटनेला ‘दलित पँथर’ हे नाव दिले. चित्रकथेचा या प्रवासात हात नाही. मतपत्रिकेवरून निघालेला शब्द अत्याचारांविरुद्ध उठलेल्या तरुणांच्या ओठी कसा पोहोचला, याचा हा स्वच्छ दाखला आहे.

कूगलर स्वतः ओकलंडचे. त्यांच्या चित्रपटाची कथा १९९२ च्या ओकलंडमध्ये उघडते, आणि तेथे वाढलेला किलमाँगर हा तरुण वाकांडा या काल्पनिक, समृद्ध व कधीही गुलाम न झालेल्या आफ्रिकी राज्याच्या दरबारात येऊन उभा राहतो. जगभर आपले भाऊबंद चिरडले जात असता तुम्ही लपून का राहिलात, हा त्याचा प्रश्न. गुलामांची जहाजे, ओकलंडची गरिबी, वस्तुसंग्रहालयात नेऊन ठेवलेली आफ्रिकी लूट, यांचा उच्चार चित्रपटात नावानिशी होतो. येथे कोणी कोणाच्या जागी उभे नाही.

भाषेची योजनाही अर्थपूर्ण आहे. वाकांडाची भाषा म्हणून खोसा ही दक्षिण आफ्रिकेतील बांटू कुळातली, चटकार-ध्वनींनी युक्त भाषा वापरली आहे. आधीच्या, २०१६ च्या एका चित्रपटात राजाची भूमिका करणारे खोसाभाषी नट जॉन कानी यांच्या सूचनेवरून ती आली. भूगोलाच्या दृष्टीने ही निवड अचूक नाही. अमेरिकेत नेलेले गुलाम मुख्यतः पश्चिम व पश्चिम-मध्य आफ्रिकेतून गेले. पण नेल्सन मंडेला यांची ही मातृभाषा. वर्णभेदी राजवटीविरुद्धच्या लढ्याचे स्मरण तिच्यात आहे. ओकलंडची कृष्णवर्णीयांची इंग्रजी बोलणाऱ्या किलमाँगरला दरबारात तू कोण असे विचारले जाते, तेव्हा तो आपले व पित्याचे नाव खोसात सांगतो. गुलामगिरीने ज्यांची भाषा व नावे हिरावली त्यांच्या वंशजाने ती परत उच्चारावी, यात किती इतिहास सामावला आहे!

तथापि कथाप्रकाराची ओढ येथेही सुटलेली नाही. किलमाँगरचा प्रश्न न्याय्य आहे म्हणूनच जणू त्याला निर्दय खुनी केले आहे, आणि शेवटी तो मरतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर राजा देतो ते ओकलंडमध्ये साह्यकेंद्र उघडून. १९६९ पासून त्याच शहरात ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते शाळकरी मुलांना मोफत न्याहारी देत होते, ती राजाच्या कृपेवाचून. ते लोक चित्रपटात नाहीत. एवढी मर्यादा सांगूनही म्हटले पाहिजे की, सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामनिर्देशन मिळालेला हा पहिला सुपरहिरो चित्रपट, आधीच्या मालिकेने जे पन्नास वर्षे टाळले, ते बोलला.

८

या विवेचनाचा निष्कर्ष असा नव्हे की हे चित्रपट पाहू नयेत, किंवा त्यांतून कोणालाच बळ मिळाले नाही. एकाकी मुलाला आपल्यासारखे दुसरे कोणी आहे असे वाटणे ही लहान गोष्ट नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने दृष्टान्त हाती आला की तीन प्रश्न विचारावे : हा अर्थ कृतीत कोणत्या वर्षी आला? ज्यांच्या अनुभवावरून तो घेतला, ते कृतीत कोठे उभे आहेत? आणि उपमानाने उपमेयाला कोणते गुण चिकटवले?

हे प्रश्न न विचारता समीकरण स्वीकारले तर त्याची किंमत मोठी आहे. किंग मवाळ ठरतात, माल्कम एक्स दहशतवादी ठरतात, आणि जो अ‍ॅन रॉबिन्सन यांची पत्रके कोणाच्याच स्मरणात राहत नाहीत. एखादा समाज आपले हक्क कसे मिळवतो, याविषयी पुढील पिढीची समजूत त्यावर घडते. ज्यांना वाटेल की हक्क अद्भुत शक्तीच्या पुरुषांकडून मिळतात, ते अशा पुरुषाची वाट पाहत बसतील. माँटगोमेरीच्या लोकांनी वाट पाहिली नाही. ते चालू लागले. दार्ष्टान्तिक लिहावयाचे ते येथून.